हाताखाली किती जण?

आयटीत आठ-दहा वर्षं काढलेल्या मुलाला किंवा मुलीला घरची वडीलधारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : 'हाताखाली किती जण आहेत?' प्रोग्रामिंग कसं जमतं, हे कोणी विचारत नाही. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही, हा हिशेब या धंद्यानेच घालून दिला आहे.

1964 साली आयबीएमने 'सिस्टम/360' ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या ऑपरेटिंग सिस्टमची जबाबदारी आली फ्रेड ब्रूक्स यांच्यावर. ब्रूक्स मूळचे संगणकाच्या रचनेतले माणूस. सॉफ्टवेअरचं काम लांबत गेलं. त्या अनुभवावर त्यांनी 1975 मध्ये पुस्तक लिहिलं. रखडलेल्या कामावर आणखी माणसं घातली तर ते जास्तच रखडतं, हे त्यातलं गाजलेलं निरीक्षण. कारण सरळ आहे. 5 जणांत आपसात बोलणाऱ्या जोड्या 10 होतात, 10 जणांत 45. म्हणून 'माणूस-महिना', म्हणजे एका माणसाचं एका महिन्याचं काम, हे माप फसवं : माणूस आणि महिना यांची अदलाबदल होत नाही.

त्याआधीच आयबीएममधल्या हार्लन मिल्स यांनी वेगळी वाट काढली होती : 'चीफ प्रोग्रामर टीम'. सर्वांत कसलेला प्रोग्रामर महत्त्वाचा कोड स्वतः लिहिणार, त्याच्या तोडीचा एक जण सोबत, फाइली आणि नोंदी सांभाळायला लायब्ररियन. न्यूयॉर्क टाइम्सच्या माहितीसंग्रहाचं काम असंच झालं, सुमारे 83,000 ओळींचं. यात प्रमुख झालं म्हणून कीबोर्ड सोडायचा नव्हता. पण असे चीफ आणायचे कुठून? पद्धत फार पसरली नाही.

भारतात टीसीएस सुरू झाली 1968 मध्ये. पुढे इथला निर्यातीचा धंदा उभा राहिला तो बराचसा माणूस-महिन्याच्या दरावर, म्हणजे नेमका ब्रूक्स यांनी खोडून काढलेल्या मापावर. त्यातूनच पिरॅमिड आला. वर मोजके अनुभवी, खाली कॉलेजातून नुकतीच निघालेली पोरं. आठ वर्षं अनुभव असलेला माणूस नुसता कोड लिहीत बसला तर त्याचा पगार परवडत नाही. त्याच्याखाली दहा फ्रेशर दिले की प्रोजेक्टचं गणित बसतं. टीम लीड, मग प्रोजेक्ट लीड, मग मॅनेजर ही शिडी अशी तयार झाली. माणसं सांभाळता येतात का, हा प्रश्न त्यात नंतरचा. 1990च्या दशकात कंपन्या सीएमएम प्रमाणपत्रांच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत किती शिस्तीची आहे याच्या दाखल्यांच्या, मागे लागल्या, आणि लीडच्या दिवसात रिव्ह्यू, मेट्रिक्स, स्टेटस रिपोर्ट यांची भर पडली. कोडसाठी उरला तो रात्रीचा वेळ.

मॅनेजरच नकोत, हाही प्रयोग झाला. 2000च्या दशकाच्या सुरुवातीला गूगलने तो केला, पण बारीकसारीक तक्रारी आणि खर्चाची बिलं थेट लॅरी पेज यांच्याकडे येऊ लागल्यावर तो गुंडाळावा लागला. पुढे त्याच कंपनीने चांगल्या मॅनेजरचे आठ गुण शोधून काढले. तांत्रिक ज्ञान त्यात आठवं.

माणसं न सांभाळता वर जायची सोय आयबीएमने 'फेलो' या पदाने 1960च्या दशकातच केली होती. परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं पुण्या-बंगळुरूत आली, तशी 'प्रिन्सिपल इंजिनिअर', 'स्टाफ इंजिनिअर' ही पदं इथेही रुळू लागली. 'स्टाफ' म्हटलं की आजोबांना अजून हेडक्लार्कच आठवतो, ही गोष्ट वेगळी.