हँड्सफ्रीची पिन आणि तिच्यामागचा गोंधळ

‘आवाज हवा तर वायरवाले इअरफोन घ्या, सोय हवी तर ब्लूटूथ,’ असं दुकानदार इतक्या सहज सांगतो की एके काळी वायर हीच सोय होती याचा विसर पडतो. एकच पिन रेडिओला चालायची, कॅसेट प्लेअरला चालायची, कॉम्प्युटरलाही चालायची. चार्जिंग नाही, पेअरिंग नाही.

या पिनेची आजी एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. तिथले ऑपरेटर कॉल जोडायला पाव इंची पिन वापरत. तिचंच बारीक रूप, म्हणजे आपली ३.५ मिमीची पिन, १९६० च्या दशकात जपानी ट्रान्झिस्टरवर आलं आणि १९७९ च्या खिशातल्या कॅसेट प्लेअरने ते जगभर पोचवलं. त्या पहिल्या मॉडेलला दोघांनी मिळून ऐकावं म्हणून दोन जॅक, म्हणजे पिन खोचायची भोकं, होते. कानाच्या आत शिरणारे इअरफोन मात्र वेगळ्या घरातून आले. १९९१ मध्ये अमेरिकेत श्रवणयंत्रांतल्या चिमुकल्या रिसीव्हरवर, म्हणजे स्पीकरवर, बेतलेली जोडी निघाली आणि पुढे रंगमंचावरचे गायक-वादक कानाच्या मापाने घडवलेले नग वापरू लागले. वायर कानावरून मागे वळवून घ्यायची पद्धत रुळली ती त्यांच्यातच. वायर शर्टाला घासली की कानात जी खरखर येते, ती तशी घेतल्याने बरीच कमी होते.

आपल्याकडे वायरवाल्या इअरफोनला सर्रास ‘हँड्सफ्री’ म्हणतात. हे नाव मोबाइलसोबत आलं आणि पिनेचा गोंधळही त्याच्याच पाठोपाठ आला. २००५ च्या आसपास सर्वाधिक खपणाऱ्या फोनना कधी तळाशी चपटा कनेक्टर असे, तर कधी २.५ मिमीची आणखी बारीक पिन. गाण्यांसाठीच विकल्या जाणाऱ्या एका मालिकेत वायरचे दोन तुकडे असत. खालचा फोनच्या खास सॉकेटचा, वरचा साध्या ३.५ च्या पिनेचा. वरचा काढायचा आणि आपल्या आवडीचा इअरफोन लावायचा. इतकी समजूतदार तडजोड त्यानंतर मी पाहिली नाही. २००७ च्या पहिल्या आयफोनला जॅक होता खरा, पण इतका खोल रुतवलेला की जाड बुडाच्या पिना आत जातच नसत. म्हणजे ॲडॉप्टरची कटकट तेव्हाही होतीच.

पुढे सगळे ३.५ वर आले, तरी भांडण मिटलं नाही, ते पिनेच्या आत शिरलं. माइकवाल्या पिनेवर तीन रेघा आणि चार कप्पे असतात. टोकाला डावा कान, मग उजवा. उरलेल्या दोन कप्प्यांत एक माइकचा आणि एक ग्राउंडचा, म्हणजे करंट परत जायच्या सामाईक वाटेचा, पण कुठला आधी यावर दोन पद्धती पडल्या. अमेरिकी पद्धतीत ग्राउंड आधी, माइक शेवटी. जुन्या युरोपीय पद्धतीत नेमकं उलट, आणि चीनने बराच काळ हीच उलटी पद्धत प्रमाण मानली. रस्त्यावर मिळणारे हँड्सफ्री तिकडूनच येत. दिसायला पिन तीच, बसायचीही चपखल.

मी असाच एक स्वस्त नग घेतला होता. गाणं लावलं तर व्हायोलिनं ऐकू येत होती, घुमारा ऐकू येत होता, गायिका गायब. माइकचं बटण दाबून धरलं की बाई परत यायच्या, सोडलं की गेल्या. दुकानदार म्हणाला, ‘पीस खराब आहे.’ पीस ठणठणीत होता. फोनला ग्राउंड जिथे हवं होतं तिथे इअरफोनचा माइक आला होता. त्यामुळे दोन्ही कानांना डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक पोचत होता आणि मधोमध रेकॉर्ड केलेला गळा दोन्हीकडे सारखाच असल्याने वजा होत होता. बटण दाबलं की ते दोन कप्पे आतून जोडले जायचे आणि ग्राउंड मिळायचं. ‘वायरचा आवाज फालतू’ असं मत अनेकांनी अशाच एखाद्या नगावरून केलं असणार.

सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ मधून जॅक काढण्याचा निर्णय आला. ॲपलने मंचावरून त्याला ‘धाडस’ म्हटलं. आतली जागा, पाण्यापासून बचाव अशी कारणं दिली गेली. जागेचं एक वेळ समजू शकतो. पाण्याचं कारण मात्र पटत नाही, कारण त्याच वर्षी बाजारात आलेल्या एका कोरियन फोनला जॅकही होता आणि पाण्यात टिकण्याचं मानांकन त्याहून वरचं होतं. पुढच्या वर्षी एका हौशी अभियंत्याने चीनच्या शेन्झेन शहरात काही महिने खपून त्याच आयफोन ७ मध्ये चालू जॅक बसवून दाखवला. जॅकविना फोन चीनमध्ये आधीही निघाले होते, पण पायंडा पडला तो इथून. ज्यांनी जाहिरातीतून टिंगल केली त्यांनीही दोन-तीन वर्षांत तेच केलं. महाग फोनचा जॅक गेला, स्वस्तातल्या अनेकांचा राहिला. चांगले इअरफोन ज्याला परवडतात त्याच्याच फोनला भोक नाही, असा उफराटा न्याय.

मग डोंगल आला. (हा शब्द ऐकला की मला अजून आधी नेटचा डोंगलच आठवतो.) फोनच्या टाइप-सी भोकाला ३.५ ची पिन जोडायचे हे तुकडे दिसायला जुळे, पण एकात डिजिटलचा आवाज करणारी चिप असते आणि दुसऱ्यात नुसत्या तारा, चिप फोनमध्ये आहे असं धरून. फोनमध्ये ती नसेल तर दुसरा डोंगल मुका. चार कप्प्यांचा तोच खेळ नव्या खोक्यात.

ब्लूटूथची बाजू आकड्यांत पाहू. सीडीला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथचा सर्वांना सामाईक असलेला एसबीसी हा कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत, साधारण ३२८ मध्ये भागवतो. एलडॅक हा दुसरा कोडेक ९९० पर्यंत जातो, पण गर्दीत स्वतःच ३३० पर्यंत उतरतो. संध्याकाळी दादरच्या पुलावर कान देऊन बघा. तरीही खरं सांगायचं तर लोकलच्या खडखडाटात हा फरक मला नेहमी ओळखता येत नाही. जाणवतो तो उशीर, गेम खेळताना. वायरला तो प्रश्न नाही.

गंमत म्हणजे जॅक जात असतानाच शेन्झेन आणि डोंग्वानच्या कारखान्यांनी वायरवाले इतके सुधारले की हजार-दीड हजारात वायर बदलता येणारी उत्तम जोडी मिळू लागली. पूर्वी पिनेजवळ वायर पिचली की अख्खा हँड्सफ्री टाकावा लागे, आता फक्त वायर. उरलेल्या निम्म्या तक्रारी रबराच्या. कानाच्या मापाचं रबर नसेल तर फट राहते, बेस निघून जातो आणि माणूस दोष इअरफोनला देतो.

रेडिओचं राहिलंच. फोनमधल्या एफएमला हँड्सफ्रीची वायर हीच ॲन्टेना. २०२३ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांना सांगितलं की फोनमध्ये एफएम असेल तर ते बंद ठेवू नका, आणीबाणीत लागतं. वायर कुठे खोचायची, हे ज्याच्या त्याच्या फोनवर.