मॅरेथॉन सोडून अडथळ्यांकडे : ललिता बाबरच्या निवडीची पार्श्वभूमी

धावपटू ललिता बाबरबद्दल मुलींना जे सांगितलं जातं त्यात दुष्काळी माण तालुका येतो, मोही गाव येतं आणि शेवटी एकदम रिओ ऑलिंपिक. मधला टप्पा गाळला जातो. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तिसऱ्यांदा पहिली आल्यावर, 2014 साली, ती 3000 मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडे वळली. वय 24, रस्त्यावरच्या शर्यतींत नाव झालेलं. आदर्श म्हणून तिच्याकडे बघायचं असेल तर दुष्काळापेक्षा हा निर्णय जास्त उपयोगाचा आहे.

शर्यत बायकांसाठी तशी नवीच. पुरुषांची स्टीपलचेस 1900 पासून ऑलिंपिकमध्ये आहे. महिलांची जागतिक स्पर्धेत 2005 ला आली, ऑलिंपिकमध्ये 2008 ला आणि आशियाई खेळांत 2010 ला. बायकांना एवढा ताण झेपणार नाही, ही समजूत फार जुनी. 1928 साली अ‍ॅमस्टरडॅमला 800 मीटर धावून मुली कोसळल्याच्या बातम्या, बऱ्याचशा तिखटमीठ लावलेल्या, छापून आल्या आणि ती शर्यत थेट 1960 पर्यंत बंद राहिली. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये 400 मीटर अडथळ्यांत पी. टी. उषाचं पदक एक शतांश सेकंदाने हुकलं, तेव्हा तीच महिलांची अडथळ्यांची सर्वांत लांब ऑलिंपिक शर्यत होती.

नव्या शर्यतीत गर्दी कमी असते. ग्वांगझूला 2010 मध्ये आशियाई खेळांतलं पहिलंच सुवर्ण उत्तर प्रदेशातल्या एका भारतीय धावपटूने 9:55.67 वेळेत घेतलं. चारच वर्षांनी इंचिऑनला ललिताने 9:35.37 अशी राष्ट्रीय विक्रमी वेळ दिली आणि तरी पदक कांस्यच. त्यातही घोळ झाला. पहिली आलेली बहारीनची धावपटू आधी बाद ठरली, ललिताच्या नावावर रौप्य लागलं, मग दाद मागितल्यावर निकाल फिरला आणि पुन्हा कांस्य.

मॅरेथॉन सोडणं तेव्हा सर्वांना पटण्यासारखं नव्हतंच. बक्षिसाचा पैसा रस्त्यावरच्या शर्यतींत आहे, ट्रॅकवर नाही. शिवाय स्टीपलचेसकडे वळल्यावरही 2015 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये तिने 2:38:21 वेळ दिली होती आणि रिओची मॅरेथॉनची पात्रता 2:45 होती. म्हणजे रिओला ती दोन्हींतली कुठलीही शर्यत धावू शकत होती. मग स्टीपलचेसच का, याचं उत्तर कागदावर मांडून बघावं. रिओची मॅरेथॉन 2:24:04 वेळेत जिंकली गेली. तिच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा 14 मिनिटं 17 सेकंद आधी, सुमारे दहा टक्के अंतर. स्टीपलचेस 8:59.75 मध्ये जिंकली गेली आणि ललिताची प्राथमिक फेरीतली वेळ होती 9:19.76. अंतर 20 सेकंद, चार टक्क्यांहूनही कमी. कांस्य 9:07.63 ला गेलं, म्हणजे 12 सेकंदांच्या टप्प्यात. मॅरेथॉनमध्ये ती शर्यत पूर्ण करून परत आली असती. स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीच्या 18 जणींत उभी राहिली. पैशाचा मुद्दा खोटा नव्हता, पण वेळेच्या हिशेबापुढे तो टिकत नाही.

आता शर्यत प्रत्यक्षात काय मागते ते. एकूण 28 अडथळे आणि 7 वेळा पाणी. पूर्ण फेरीत पाच उड्या, त्यातली चौथी पाण्यावरची. महिलांच्या अडथळ्याची उंची 76.2 सेंटिमीटर, पुरुषांची 91.4. अडथळा 80 ते 100 किलोंचा असतो, धक्का लागला तर तो पडत नाही, मुलगी पडते. पाण्याचा खड्डा कठड्यासकट (म्हणजे त्याच्या अलीकडच्या पक्क्या अडथळ्यासकट) 3.66 मीटर लांब, कठड्यापाशी सर्वांत खोल आणि पुढे चढत ट्रॅकला मिळणारा. म्हणून जितकं लांब उतरावं तितकं पाणी उथळ.

रोजच्या सरावात हमखास बिघडतं ते कठड्याच्या आधी. मुलगी अडथळ्याकडे बघत येते, शेवटच्या चार-पाच पावलांत टापटाप छोटी पावलं टाकते, वेग मरतो आणि मग उंच उडी मारावी लागते. उलट, 10-12 मीटर आधीपासून वेग किंचित वाढवायचा, कठड्याच्या सव्वा ते दीड मीटर अलीकडून उचल घ्यायची. पाण्याच्या उडीत पाऊल कठड्यावर टेकतं, गुडघा वाकलेलाच ठेवून त्यावरून पुढे सरकायचं, बुटाचे खिळे कठड्याच्या पलीकडच्या कडेला लागले की मागे ढकलायचं. वर नाही, पुढे. एक पाऊल पाण्यात, दुसरं कोरड्यावर. दोन्ही पाय एकदम पाण्यात पडले की शरीर थांबतं आणि थांबलेलं शरीर पुन्हा पळतं करायला लागणारी ताकद सातव्या उडीला उरत नाही. उडी डाव्या आणि उजव्या, कुठल्याही पायाने घेता यायला हवी, कारण शेवटच्या फेऱ्यांत घोळक्यात धावताना हवा तो पाय पुढे येईलच असं नाही.

खड्डा सिंथेटिक ट्रॅकवरच मिळतो आणि तिथेही बऱ्याचदा कोरडाच असतो. तालुक्याच्या मैदानावर लांब उडीच्या वाळूपुढे 76 सेंटिमीटरचा भक्कम अडथळा ठेवून काम भागतं. अट इतकीच की वाळू उकरून मोकळी केलेली हवी, आणि बाक किंवा डगडगणारं टेबल चालत नाही. कठड्यापासून तीन मीटरवर दोरी टाकली की उतरायची खूण मिळते.

रिओनंतर तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना थेट या शर्यतीत घालण्याची घाई दिसते, ती चूक आहे. 18 वर्षांखालच्या गटात शर्यत 2000 मीटरची असते, 18 अडथळे आणि 5 वेळा पाणी. त्याआधी कमी उंचीचे अडथळे, 800 आणि 1500 मीटर एवढं पुरे. मोठ्या धावपटूचे आठवड्याचे किलोमीटर डांबरी रस्त्यावर जसेच्या तसे उतरवले की नडगी दुखायला लागते, दुखणं अंगावर काढलं की हाडाला बारीक चीर जाते. खाणं अपुरं पडलं तर पाळी चुकते. ‘वजन उतरलं, छान’ असं म्हणणारा प्रशिक्षक तिथेच मुलगी गमावतो. पाळी तीन महिने आली नाही तर सराव कमी करून डॉक्टरांकडे, आणि हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यायचं.

तिची प्रगती मात्र आकड्यांत सरळ वाचता येते : 2015 ला वुहानमध्ये आशियाई विजेतेपद 9:34.13, त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत 9:27.86 वेळेने अंतिम फेरी आणि तिथे आठवी, एप्रिल 2016 ला 9:27.09, ऑगस्टमध्ये रिओत 9:19.76. पहिल्या दोन-तीन महिन्यांत सेकंद कमी झाले नाहीत म्हणून शर्यत बदलणाऱ्यांनी हा क्रम बघावा. रिओत ती 9:22.74 वेळेने दहावी आली. ‘ट्रॅकवर 32 वर्षांनी’ भारतीय महिला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, असं तेव्हा छापून आलं, ते वैयक्तिक शर्यतीपुरतंच खरं आहे. 2004 ला अथेन्समध्ये महिलांचा 4×400 रिले संघ अंतिम फेरीत सातवा आला होता.

तिचा 9:19.76 चा राष्ट्रीय विक्रम 2023 पर्यंत टिकला. बुडापेस्टला मेरठकडच्या धावपटूने 9:15.31 केलं, मे 2025 मध्ये दोहाला 9:13.39. दरम्यान दारही अरुंद होत गेलं : ऑलिंपिकची थेट पात्रता रिओला 9:45.00, टोकियोला 9:30.00, पॅरिसला 9:23.00. ज्या वेळेने रिओच्या अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळाला, तीच वेळ पॅरिसला जेमतेम प्रवेशापुरती होती. 2025 च्या टोकियो जागतिक स्पर्धेची पात्रता 9:18.00 होती, ललिताच्या सर्वोत्तम वेळेहूनही पावणेदोन सेकंद कमी.