मांजरांतील गोचीडजन्य रक्तपरजीवी रोग

गोचिडीच्या चाव्यातून किंवा क्वचित ती पोटात गेल्यामुळे रक्तात शिरणाऱ्या आणि मुख्यतः रक्तपेशींत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे पाळीव मांजरांना होणारे आजार या नावाखाली येतात. सातारा-सांगलीच्या दूधपट्ट्यात ‘गोचीड ताप’ हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. परंतु तो संकरित गाईंना होणाऱ्या थायलेरिया आणि बबेसिया या रोगांसाठी वापरतात. गोठ्यातील वैरणीवर झोपणाऱ्या मांजरालाही त्याच कुळातील परजीवी बाधू शकतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गाईचा गोचीड ताप मात्र मांजराला लागत नाही, कारण हे परजीवी आपापल्या यजमान प्राण्याला बांधलेले असतात. गाईवरील नेहमीची निळसर गोचीड तर आपले सारे आयुष्य एकाच जनावरावर काढते. मांजराला खरा धोका अंगणातील कुत्र्याच्या तांबूस गोचिडीचा अधिक असतो. ती दर अवस्थेनंतर खाली उतरते, भिंतीच्या भेगांत कात टाकते आणि पुढच्या वेळी समोर येईल त्या प्राण्यावर चढते.

गोचिडी रोग पसरवतात हे प्रथम अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 मध्ये गुरांच्या ‘टेक्सास तापा’वरील अभ्यासातून दाखवून दिले. मांजरांच्या बाबतीत भारताचा संबंध जुना आहे. पॅटन यांनी 1908 मध्ये भारतातील पाळीव मांजराच्या रक्तात जो परजीवी पाहिला, तो आज हेपॅटोझून या प्रजातीत मोडतो. हा पांढऱ्या पेशींत दिसतो, हृदयाच्या व अंगाच्या स्नायूंत घर करतो आणि बहुतेक मांजरांना फारसा त्रास देत नाही. कुत्र्यांतील हेपॅटोझून गोचीड चावल्याने नव्हे, तर गोचीड चाटून गिळल्याने होतो.

सर्वांत घातक रोग सायटॉक्सझून फेलिस या रक्तपरजीवीचा होय. त्याचे मूळ घर उत्तर अमेरिका असून 1976 मध्ये मिसूरीतील मांजरांत त्याची प्रथम नोंद झाली. तेथे बॉबकॅट नावाचे रानमांजर तो अंगी बाळगते आणि गोचिडी तो पाळीव मांजरांत आणतात. गुरांच्या थायलेरियाचाच हा भाऊबंद म्हणावा लागेल. त्याने बाधित झालेल्या मोठ्या भक्षक पेशी इतक्या फुगतात, की फुप्फुस, यकृत आणि पानथरी यांतील बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. त्यामुळे अंगात रक्त असूनही मांजर गुदमरून जाते. औषधांतही हे नाते दिसते. गाईंना दिले जाणारे बुपार्व्हाक्वोन मांजरांत उपयोगी ठरले नाही, पण त्याच रासायनिक गटातील ॲटोव्हाक्वोन अझिथ्रोमायसिनच्या जोडीने दिल्यास निम्म्याहून अधिक मांजरे वाचतात. बबेसिया फेलिस हा दक्षिण आफ्रिकेतील रोग असून त्यात ताप बहुधा नसतो. कुत्र्यांच्या व गुरांच्या बबेसियावरचे नेहमीचे इमिडोकार्ब तेथे चालत नाही, तर माणसाच्या हिवतापावरचे प्रायमाक्वीन अगदी मोजून द्यावे लागते.

मायकोप्लाझ्मा हिमोफेलिस हा याच यादीत नेहमी घेतला जातो, पण काटेकोरपणे पाहता तो परजीवी आदिजीव (एकपेशीय सूक्ष्म प्राणी) नसून पेशीभित्तिका नसलेला जिवाणू आहे आणि तो पेशीच्या आत न शिरता तिच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. त्याच्या प्रसारात गोचिडीपेक्षा पिसवांचा आणि बोक्यांच्या मारामारीत होणाऱ्या जखमांचा संशय अधिक घेतला जातो. त्यामुळे कान फाटलेला, रात्री भटकून सकाळी घरी येणारा, खच्चीकरण न केलेला बोका सुस्त पडला की या रोगाचा विचार आधी करावा. त्यावर डॉक्सिसायक्लिन साधारण 2 ते 4 आठवडे देतात. गोळी कोरडी गिळवली तर ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण पाडते, म्हणून तिच्यामागोमाग पिचकारीने थोडे पाणी पाजणे हा उपचाराचाच भाग समजावा.

लक्षणे बाहेरून फसवी असतात. मांजर जेवण सोडते, चुलीमागे किंवा माळ्यावर दडून बसते, श्वास वाढतो. ओठ वर करून पाहिल्यास गुलाबी हिरड्या पांढुरक्या किंवा, कावीळ झाली असेल तर, पिवळसर दिसतात. अंगावर गोचीड न सापडणे हा काही पुरावा नव्हे, कारण मांजर दिवसभर अंग चाटून साफ करते आणि गोचिडी उरतात त्या जीभ न पोहोचणाऱ्या जागी, म्हणजे कानाच्या पाळीत, हनुवटीखाली, मानेवर.

निदानासाठी रक्ताचा पातळ थर काचेवर पसरून लीशमन किंवा जिम्सा रंगाने रंगवतात. सायटॉक्सझून तांबड्या पेशीत अंगठीसारखा दिसतो, परंतु निरोगी मांजरांच्या पेशींतही केंद्रकाचे उरलेले ठिपके असतात आणि नवख्याला ते परजीवीच वाटतात. नळीत साठवलेल्या रक्तात मायकोप्लाझ्मा पेशीवरून सुटून पडतो. म्हणून जत किंवा पाटणहून मांजर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचे असेल, तर ताज्या रक्ताची काच निघण्यापूर्वीच गावाजवळच्या दवाखान्यात करून घेणे श्रेयस्कर ठरते. खात्रीचे निदान पीसीआर तपासणीने, म्हणजे रक्तातील परजीवीचा डीएनए शोधून, होते.

प्रतिबंधात सर्वाधिक हानी अज्ञानातून होते. गोठ्यात फवारायचे सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन, गुरांना लावायचे अमिट्राझ, कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनचे थेंब यांपैकी काहीही मांजराला लावू नये. विशेषतः परमेथ्रिन निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार तोकडी असते आणि काही तासांत थरथर, झटके व मृत्यू ओढवू शकतो. फिनेलचेही तसेच आहे. गावाकडे गोचिडीवर रॉकेल किंवा तंबाखूचे पाणी चोपडतात. मांजर ते चाटते आणि रोगाआधी विषबाधा होते. बारीक चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढावी, आणि फिप्रोनिल किंवा फ्ल्युरालनरची मांजरासाठीच बनवलेली मात्रा वजनाप्रमाणे मानेवर लावावी. गोठ्यावर फवारणी करायची असल्यास फरशी आणि भिंती वाळेपर्यंत मांजराला बाहेर ठेवावे.

रक्त फार कमी झाल्यास दुसऱ्या मांजराचे रक्त द्यावे लागते. मांजरांत ए, बी आणि एबी असे रक्तगट असून बी गटाच्या मांजराला ए गटाचे रक्त पहिल्याच वेळी दिले तरी ते जिवावर बेतू शकते, त्यामुळे रक्त जुळवून पाहणे अनिवार्य आहे. बरी झालेली मांजरे अनेकदा महिनोन्‌महिने परजीवी अंगात वागवतात. अशा मांजराचे रक्त दुसऱ्याला देत नाहीत.