टॉनिकचं बायोस्टिम्युलंट कसं झालं: थोडी पार्श्वभूमी

कृषी सेवा केंद्रात "एखादं चांगलं टॉनिक द्या" म्हटलं की हातात ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतलं आम्ल) किंवा सीवीड (समुद्री शेवाळाचा अर्क) असली बाटली पडते, यांनाच आता बायोस्टिम्युलंट किंवा जैव उत्तेजक म्हणतात. पण बाटलीवर ती ठरलेली ओळ असते ना, "ताण सहन करण्याची क्षमता वाढवते, अन्नद्रव्यांचं शोषण वाढवते", ती आली कुठून?

मूळ लांबचं आहे. १९३० च्या दशकात ओडेसातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरने मांडलं होतं की थंडीत ठेवलेल्या ऊतीत तग धरायच्या धडपडीत काहीतरी उत्तेजक द्रव्यं तयार होतात. शेतीसाठी महत्त्वाचं काम मात्र १९९० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं आणि तेही लॉनच्या गवतावरचं! सीवीड आणि ह्युमिक ॲसिड अगदी थोडं द्यायचं आणि गवत कोरड्यात, खारट जमिनीत किती टिकतं ते बघायचं. 'बायोस्टिम्युलंट' हा शब्द रुळला तो तिथून. यातली खरी गोम अशी की डोस ताण पडायच्या आधी द्यायचा, म्हणजे झाडाची तयारी आधीच झालेली असते. आपण मारतो पानं वाळायला लागल्यावर आणि मग म्हणतो औषध डुप्लिकेट होतं.

शोषणाचं बघा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत भुईमुगावर केवडा येतो, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, पुढे पार पांढरट. जमिनीत लोह भरपूर असतं, पण सामू (पीएच) आठच्या वर गेला की ते मुळाला मिळत नाही. मुळाच्या पेशीवर आम्ल बाहेर टाकणारे पंप असतात, ह्युमिकमुळे ते जोरात चालतात आणि बारीक मुळंही जास्त फुटतात असं प्रयोगशाळेत दिसलंय. पण आपल्याकडची चुनखडी ते आम्ल लगेच खाऊन टाकते, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या कुंडीत दिसलं ते शेतात दिसेलच असं नाही.

आता मुख्य गुंता. आपल्याकडे फवारणीच्या गप्पांत तीन शब्द एकत्र कालवले जातात: टॉनिक, संजीवक आणि जैव उत्तेजक. संजीवक म्हणजे झाडाची वाढ हवी तशी वळवणारी द्रव्यं, जीए, सिक्स बीए वगैरे, द्राक्षवाल्यांना डिपिंगमुळे (घड द्रावणात बुडवणं) पाठ असलेली, आणि ती येतात १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात. टॉनिक हा कायद्यातला शब्दच नाही. जैव उत्तेजक बरीच वर्षं ना खतात होते ना औषधात, त्यामुळे कोणीही काहीही भरून विकलं. त्यात 'ताण' शब्दाची गंमत वेगळीच, डाळिंबवाला बहार (फुलोरा) धरायला मुद्दाम पाणी तोडून ताण देतो आणि दुकानात तोच ताण घालवायची बाटली मागतो.

२३ फेब्रुवारी २०२१ ला जैव उत्तेजक खत नियंत्रण आदेशात, म्हणजे खतांसाठीच्या केंद्र सरकारच्या नियमांत, आले. व्याख्या करताना बाटलीत काय आहे यापेक्षा ते काय काम करतं यावर भर दिला: शोषण, वाढ, उत्पादन, गुणवत्ता, ताण सहनशीलता सुधारणारं, मग त्यात अन्नद्रव्य किती का असेना, फक्त कीटकनाशक आणि संजीवक नको. युरोपनेही २०१९ मध्ये साधारण हीच वाट धरली होती. माझ्या मते वाट बरोबर होती पण अर्धवट होती. १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) पिशवी लॅबमध्ये मोजता येते, 'ताण सहनशीलता' मोजायला तोच प्लॉट ताणात आणि बिनताणात दोन्ही बघावा लागतो. नियमात चाचणी एका हंगामाची, तीन वेगवेगळ्या हवामान-जमिनीच्या ठिकाणी. तो हंगाम पावसाचा चांगला निघाला तर ताणाबद्दल कळणार काय?

वर, आधीपासून विकणाऱ्यांना तात्पुरतं प्रमाणपत्र दिलं, सुरुवातीला दोन वर्षांचं. मुदत वाढत वाढत १६ जून २०२५ पर्यंत गेली. कंपन्यांचं म्हणणं चाचण्यांना वेळ आणि पैसा लागतो, तेही खोटं नाही, पण तेवढे हंगाम खर्च शेतकऱ्याचाच झाला. सरकारी आकडे बघा: आधी बाजारात ३०,००० च्या आसपास उत्पादनं, तात्पुरत्या काळात साधारण ८,००० आणि तपासणी कडक केल्यावर ६५० च्या आसपास. बाकीच्यांचं काय, ती कामाची नव्हती की नुसते कागद पूर्ण नव्हते? मान्यता मिळालेल्यांच्या यादीवरून ते कळत नाही.

त्यानंतर सप्टेंबर २०२५ च्या शेवटी मान्यता मिळालेली ११ उत्पादनं काढली, कोंबडीची पिसं, जनावरांचं कातडं असल्या गोष्टींपासून केलेली. हरकत धार्मिक आणि आहाराच्या भावनांची होती. म्हणजे काम बघून आत घेतलेली उत्पादनं शेवटी घटक बघून बाहेर गेली. वनस्पतीपासून बनवलेली अमिनो ॲसिडं (प्रोटीन तोडून मिळणारे घटक) दुकानात अजून आहेत, घेताना लेबलवर स्रोत काय लिहिलाय तेवढं बघा.