पावसाळ्यातील मालवण : दोन-तीन दिवसांच्या सहलीचे नियोजन
(कोल्हापुरातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जून ते सप्टेंबर या काळात मालवणला जाऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांना आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो : सिंधुदुर्ग किल्ल्यात प्रत्यक्ष पाऊल ठेवायचे आहे, की तो किनाऱ्यावरून पाहिला तरी चालेल? सहलीची तारीख या उत्तरावर ठरते. मालवण जेटीवरून किल्ल्यावर जाणारी होडी वाहतूक मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात बंद होते आणि सर्वसाधारणपणे १ सप्टेंबरपासून, तेही समुद्र निवळला असेल तरच, पुन्हा सुरू होते. मधल्या काळात कोणी खासगी होडीने नेण्याची तयारी दाखवली तरी ती स्वीकारू नये, आणि आमच्याकडेही तसा आग्रह धरू नये.

किल्ला आतून पाहायचा असल्यास

अशा ग्राहकांना आम्ही सप्टेंबर सुचवतो. तेव्हा हिरवळ टिकून असते, दिवाळीच्या सुट्टीतील गर्दी अजून दूर असते आणि किल्ल्यात निवांत फिरता येते. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या जलदुर्गाची पायाभरणी केली. सुमारे अठ्ठेचाळीस एकर क्षेत्राला वेढणारा, जवळपास तीन किलोमीटर लांबीचा नागमोडी तट हीच येथील पाहण्याची मुख्य गोष्ट आहे. महाद्वार तटाच्या वळणात असे दडवले आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत ते दिसत नाही. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे दाखवले जातात, आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे.

कोल्हापूरकरांना या किल्ल्याचे एक वेगळे नाते सांगावेसे वाटते. तो दीर्घकाळ करवीर राज्याकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, पुढे तो करवीर दरबाराला परत मिळाला, आणि १८१२ च्या तहाने मालवणसह पुन्हा इंग्रजांकडे गेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत आपला पन्हाळा आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही आहेत.

तारीख ठरवण्यापूर्वी चतुर्थी केव्हा आहे ते मात्र अवश्य पाहावे. गणपतीच्या दिवसांत चाकरमानी गावी आलेले असतात, रस्ते व रेल्वेगाड्या भरून वाहतात, आणि अनेक घरगुती निवासस्थाने व खानावळी पाहुण्यांसाठी बंद असतात. त्यांच्या घरचा सण असतो, हे आपणही समजून घ्यावे.

भर पावसात जायचे असल्यास

जुलै-ऑगस्टमधील मालवण पाहण्यासारखे आहे, परंतु ते समुद्रात उतरण्याचे नाही. स्कूबा, स्नॉर्केलिंग व इतर जलक्रीडा बंद असतात. तारकर्ली, देवबाग व चिवला या किनाऱ्यांवर लाटांच्या रेषेपासून दूर राहावे, आणि रॉक गार्डनच्या शेवाळलेल्या खडकांवर छायाचित्रांसाठी चढू नये. या दिवसांत किल्ला पाहण्यास आमच्या मते सर्वांत योग्य जागा म्हणजे मोरयाचा धोंडा. किल्ल्याच्या उभारणीपूर्वी येथे पूजा झाल्याचे सांगितले जाते, आणि येथून समोर तटावर आदळणाऱ्या लाटा दिसतात. नारळी पौर्णिमेला पोहोचता आले तर बंदरावर सागराला नारळ अर्पण करण्याचा सोहळा पाहता येईल.

जेवणाविषयी अपेक्षा थोडी बदलावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असल्याने ताजा सुरमई-पापलेट सहज मिळत नाही, आणि मिळाला तर तो बर्फातला असण्याची शक्यता अधिक. त्याऐवजी खाडीतले मासे, कुर्ल्या, सुक्या बांगड्याची चटणी, कोंबडी-वडे आणि सोलकढी मागवावी. तांबड्या-पांढऱ्याची सवय असलेल्यांना मालवणी वाटणातले खोबरे पहिल्या दिवशी जरा गोडसर लागते. दुसऱ्या दिवशी तक्रार राहत नाही.

जाण्याचा मार्ग

कोल्हापूर ते मालवण हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर असले तरी पावसात पाच तास हाताशी ठेवावेत. गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, कणकवली आणि कसाल हा नेहमीचा मार्ग होय. परंतु अतिवृष्टीत घाटात दरड कोसळते, आणि त्याआधीच मांडुकलीजवळ कुंभी नदीचे पाणी रस्त्यावर येऊन वाहतूक थांबते. तेव्हा राधानगरी, दाजीपूर व फोंडा घाटाने कणकवली गाठता येते. आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडी हा तिसरा मार्ग लांबचा आहे. पंचगंगेने इशारा पातळी ओलांडली असेल तर कोणताच मार्ग गृहीत धरू नये. धुक्यात घाट उतरणे टाळण्यासाठी आमची गाडी सकाळी सातनंतर निघते आणि परतीच्या दिवशी मालवण दुपारी बारापूर्वी सोडते. या वेळा कोणासाठीही बदलल्या जात नाहीत.

कोल्हापूरहून कोकणात थेट रेल्वे नाही. मुंबई किंवा गोव्याकडून येऊन मिळणाऱ्या नातेवाइकांनी कुडाळ, सिंधुदुर्ग वा कणकवली स्थानक धरावे आणि कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक पाहूनच तिकीट काढावे.

नोंदणी

या हंगामात खोल्या सहज मिळत असल्याने महिनाभर आधी पूर्ण रक्कम भरण्याची गरज नाही. खोली निश्चित करताना वीज गेल्यावर जनरेटर किंवा इन्व्हर्टर चालतो का, हे आम्ही विचारून घेतो. ग्राहकांनी विजेरी, नियमित औषधे आणि थोडी रोख रक्कम सोबत ठेवावी. घाट बंद झाल्यामुळे निघता आले नाही तर भरलेली रक्कम पुढील तारखेसाठी धरली जाते. होड्या सुरू न झाल्यामुळे किल्ला पाहता आला नाही, या कारणासाठी मात्र परतावा दिला जात नाही. कोणत्या घाटाने जायचे हे आम्ही निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दूरध्वनीवरून कळवतो.