शिकवलेलं कुत्रं घरात मुततं ते रागाने नव्हे

"शिकवलेलं कुत्रं घरात मुतलं म्हणजे राग काढतंय, त्याचं नाक त्यात घासा," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नसतं. कान पाडून, शेपूट पायात घालून ते बसतं, ती भीती. आपला चढलेला आवाज त्याला कळतो, तासापूर्वीची चूक नाही. कारण बऱ्याचदा शरीरात असतं: मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, किडनीचा आजार, म्हातारपण. शिवाय परभणीच्या मे महिन्यात ते पाणी जास्त पितं, आणि दुपारी तापलेल्या फरशीवर पाय ठेवत नाही. त्याला पहाटे आणि ऊन उतरल्यावर न्या.

पडताळायचं तर चार दिवस वेळा लिहून ठेवा. थोडं थोडं, वारंवार होतंय किंवा झोपेत गळतंय? मग लघवीचा नमुना घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. मारू मात्र नका. भ्यालेलं कुत्रं पलंगामागे लपून मुतायला लागतं.