पीटर लोरे: परक्या हेलावर उभी राहिलेली कारकीर्द

मूकपटाच्या काळात नटाची मातृभाषा कोणती, हे कुणी विचारत नव्हतं. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा मूकपट कोल्हापूरबाहेर कुठेही चालायचा. मधल्या संवादाच्या पाट्या तेवढ्या बदलल्या की झालं. बोलपट आला आणि पंचाईत झाली. 'प्रभात'नं कोल्हापुरात असतानाच त्यावर तोड काढली. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित केला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना दोन्ही भाषांत उभं राहावं लागलं.

बर्लिनच्या स्टुडिओंतही तेव्हा हीच कसरत चालू होती. तिथला एक बुटका, बटबटीत डोळ्यांचा नट म्हणजे पीटर लोरे. मूळ नाव लास्लो लोवेनस्टाइन. जन्म १९०४ चा, ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या एका गावात. ते गाव आता स्लोव्हाकियात आहे. घर ज्यू, बोलणं जर्मन. व्हिएन्नात बँकेत कारकुनी करता करता नाटकाचा नाद लागला आणि पुढे बर्लिनमध्ये नाटककार ब्रेख्तच्या नाटकांत कामं मिळाली. दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या १९३१ च्या 'एम' चित्रपटात त्यानं लहान मुलांचा खुनी रंगवला आणि एका चित्रपटात नाव झालं. त्यातली खुन्याची शीळ मात्र लोरेची नाही. त्याला शीळ वाजवता येत नसे, ती लांगनं स्वतः वाजवली.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी व्ही. शांतारामांच्या 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती जर्मनीत काढल्या गेल्या, आणि त्याच वर्षी लोरेनं जर्मनी सोडली. आधी पॅरिस, मग लंडन. हिचकॉकनं 'द मॅन हू न्यू टू मच' (१९३४) साठी त्याला बोलावलं तेव्हा इंग्रजी जेमतेमच होतं. हिचकॉक गोष्टी सांगायचा आणि लोरे अंदाजानं मान डोलवून हसायचा, असं सांगतात. संवाद त्यानं उच्चारावरून घोकले. पडद्यावर मात्र ही घोकंपट्टी दिसत नाही. कपाळावर व्रण, केसांत पांढरी बट, आणि शब्द कसे अगदी सावकाश, जपून टाकलेले! त्या सावकाशीनंच तो खलनायक जास्त भीतीदायक झाला.

पुढे हॉलिवूडनं हा हेल पुरेपूर वापरला. परका माणूस हवा, मग कुठलाही चालेल! १९३७ ते १९३९ मध्ये लोरेनं मिस्टर मोटो या जपानी गुप्तहेराचे आठ चित्रपट केले. आज ते बघवत नाहीत. 'द माल्टीज फाल्कन' (१९४१) आणि 'कासाब्लांका' (१९४२) मधली कामं छोटी, पण खरी मजा तिथंच आहे. 'कासाब्लांका'त त्यानं केलेला उगार्ते सुरुवातीलाच पकडला जातो, तरी सगळं कथानक त्यानं आणलेल्या प्रवासपत्रांवरच चालतं. त्या चित्रपटात लोरेसारखेच युरोपातून पळून आलेले बरेच नट होते. नाझी अधिकारी झालेला कॉनराड फाइट हा तर स्वतःच नाझींमुळे देश सोडलेला जर्मन.

युद्धानंतर लोरे जर्मनीत परतला. 'डेर फेरलोरेने' (१९५१) त्यानं स्वतः दिग्दर्शित केला, त्यात प्रमुख भूमिकाही केली. नाझी काळातल्या खुनाची ही गोष्ट तिथल्या प्रेक्षकांना नको होती. चित्रपट पडला आणि तो अमेरिकेला परत गेला. नंतरची बरीचशी कामं पोटापाण्याची. १९६४ मध्ये तो वारला. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या 'द रेव्हन'मध्ये तो ऐनवेळी पदरचे इंग्रजी संवाद घालायचा, आणि बोरिस कार्लोफसारख्या शिस्तीच्या नटाची त्यानं तारांबळ उडायची.